शेवटच्या बाकावरचा श्वास

मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे, मित्रांनो. माझी मूठ तुटलेली आहे आणि झाकण रबर लावून बंद ठेवावं लागतं. मला डोळे नाहीत. जे काही माझ्या वाट्याला आलं ते कानांनीच आलं. तेव्हा अमक्याचा चेहरा कसा होता, तमक्याने कपडे कोणते घातले होते, असलं मला विचारू नका. पण कोण कुठे अडखळलं, कोणाचा गळा कोणत्या शब्दाला दाटला, हे मी आजही बिनचूक सांगू शकतो.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. लांबलचक टेबलावर माझे चाळीस भाऊ ओळीने मांडलेले होते. तपासणीच्या बाईंनी माझ्याजवळ तोंड आणून "एक, दोन, तीन, चार" म्हटलं. मी ते जसंच्या तसं परत म्हणून दाखवलं. "हा चांगला ऐकतो," असं त्या म्हणाल्या. पहिलं कौतुक माणसं विसरत नाहीत, मग मी तरी का विसरावं? माझे भाऊ लोकांच्या घरी गाणी ऐकायला गेले. मी मात्र उपदेश ऐकायला गेलो.

पाळक घडवणारी ती एक लहानशी शाळा होती. चर्चमध्ये उभं राहून शास्त्रातला उतारा मंडळीला समजावून सांगायचा, हे काम दुरून फार सोपं वाटतं. करायला गेलं की भल्याभल्यांची दातखीळ बसते. म्हणून तिथे सरावाची एक खोली होती. एका टोकाला पुलपिट म्हणजे उपदेशकाचं उंच मेज, त्यावर मी, आणि समोर अठरा रिकामे बाक.

उपदेश शिकवणारे सर बोलायला मऊ आणि मनाने खट होते. ते विद्यार्थ्याला सांगायचे, "उतारा वाच, पुस्तक मिट आणि जेवायला जा. जेवताना जेवढं आठवेल तेवढंच मंडळीलाही आठवणार आहे, बाकीचं काढून टाक. मुद्दा एकच ठेव. दुसरा सुचला तर तो पुढच्या रविवारी." मग ते माझं बटण दाबायचे, विद्यार्थ्याला खोलीत एकटं सोडायचे आणि बाहेरून कडी लावून घ्यायचे. वीस मिनिटांनी परत येऊन त्याच्या शेजारी बसून टेप ऐकायचे. गंमत म्हणजे, बोलणं चालू असताना सर नखं कुरतडत बसत. बोलणारा थांबला की मात्र त्यांची खुर्ची पुढे सरकायची.

"थांबलास ना, तिथे काय ऐकू येतंय ते ऐक," ते म्हणायचे.

ऐकू यायचा तो श्वास. शेवटच्या बाकावरून येणारा, कोणाचा तरी, सावकाश श्वास.

मित्रांनो, पहिल्यांदा मला वाटलं माझाच पट्टा सैल झाला असेल. मला दुरुस्तीवाल्याकडे नेलं. त्याने मला उघडलं, पुसलं, तेल दिलं आणि "काही बिघाड नाही" म्हणून परत पाठवलं. पुढच्या टेपवर श्वास होताच. शिवाय प्रत्येक विद्यार्थ्याच्या टेपवर तो निराळा असायचा. एकाच्या टेपवर दम्याची घरघर होती. दणदणीत आवाजाच्या एका विद्यार्थ्याला सगळे दणदण्या म्हणत, त्याच्या टेपवर श्वासाबरोबर काठी आपटल्याचा आवाज यायचा. खोलीला बाहेरून कडी असायची, हे मी पुन्हा सांगतो.

आणखी एक गोष्ट होती. बोलणारा मनापासून बोलत असला की श्वास चालू राहायचा. तो उगाच फुशारक्या मारू लागला, नुसतं टाळ्यांसाठी बोलू लागला, की श्वास बंद पडायचा. सर तेवढंच वाक्य त्याच्या कागदावर शोधून खाली रेघ मारायचे. "इथे तू ऐकणाऱ्याला गमावलंस," एवढंच म्हणायचे. ऐकणारा कोण, हे विचारायची कोणाची छाती झाली नाही.

फक्त एकदा सर घाबरलेले मी ऐकले. एक लाजाळू विद्यार्थी होता. इतकं साधं आणि खरं बोलणारा दुसरा कोणी मी ऐकला नाही. पण त्याच्या एकाही टेपवर श्वास नव्हता. सरांनी टेप तीनदा फिरवली. "छान बोललास रे बाळा," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज कापत होता. त्याच सुट्टीत तो विद्यार्थी नदीत बुडून गेला. चोवीस वर्षांचाही नव्हता. त्यानंतर सर पुष्कळ दिवस माझ्या शेजारी बसून जुन्या टेपा पुन्हा पुन्हा ऐकत. मला वाटतं, शेवटच्या बाकावर कोण बसतं ते त्यांना त्या दिवसांत कळलं. मला कळायला आणखी तीस वर्षं लागली.

सर गेले. खिशात मावणारी यंत्रं आली आणि मी टेपांच्या खोक्यासह कपाटात गेलो. कपाटात दिवस मोजता येत नाहीत. सर्दी झाल्यासारखी धूळ आत बसते आणि बटणं आखडतात. कोणी आठवणही काढली नाही याचं मला वाईट वाटलं, लपवून काय करू?

मग एके सकाळी कपाट उघडलं. एका तरुण मुलीचा आवाज आला. बोलायच्या आधी दोनदा घसा खाकरायची तिची सवय होती. नव्या शिक्षिकाबाई तिच्याबरोबर होत्या.

"हे बघ, तुझ्या बाबांच्या वेळच्या टेपा इथेच असतील," बाई म्हणाल्या. "पण रविवारचा तुझा उपदेश चार दिवसांवर आलाय. स्वतःचं काहीतरी लिही गं."

"सुचतच नाही, बाई. एक ओळ लिहिते आणि खोडते. बाबांची मंडळी आहे ती, त्यांना बाबांचीच सवय आहे. मी जमवलं तर ते मला ठेवतील, नाहीतर बाहेरून पाळक बोलावतील. बाबांनी सगळा जन्म तिथे घातलाय."

बोलण्यातून मला सगळं कळलं. तिचे वडील याच शाळेत शिकलेले पाळक होते. घशाच्या आजारात त्यांचं स्वरयंत्र काढावं लागलं होतं. आता गळ्याला पाडलेल्या छिद्रातल्या नळीतून ते श्वास घेत आणि पाटीवर लिहून बोलत. ऑपरेशन झाल्यापासून त्यांनी चर्चमध्ये पाऊल ठेवलं नव्हतं.

खोक्यात त्यांची टेप सापडली. तळ्याकाठी अडतीस वर्षं पडून असलेला आजारी माणूस येशूच्या शब्दाने उठून चालू लागला, त्या उताऱ्यावरचा उपदेश. तीस वर्षांपूर्वीचा तो खणखणीत आवाज मी सोडला आणि मुलगी हमसून हमसून रडली. मग तिने नाक ओढलं आणि तिला नको ती बुद्धी सुचली. दोन दिवस टेप मागेपुढे करून तिने तो उपदेश तोंडपाठ केला. इतका पाठ केला, की "काल दाढी करताना माझ्या मनात आलं" हे वाक्यसुद्धा तिने रिकाम्या बाकांना ऐकवलं! मला हसू फुटणार होतं, पण फुटलं नाही.

कारण तिने स्वतःचा सराव परत लावून ऐकला, तेव्हा शेवटच्या बाकावर काहीही नव्हतं. घरघर नाही, उसासा नाही. मला त्या लाजाळू विद्यार्थ्याची आठवण झाली आणि माझं चाक क्षणभर अडलं.

"असं कोरडं का वाटतंय?" ती स्वतःशीच म्हणाली. तिने पुन्हा वडिलांची टेप घातली आणि या वेळी ते थांबत तिथे नीट कान दिला.

तिथे श्वास होता. आधी बारीक शिट्टी, मग बुडबुडा फुटल्यासारखा ओला शेवट. तिने मला थांबवलं. मागे नेलं, पुन्हा लावलं. तीन वेळा.

"बाबा?" ती इतकं हळू म्हणाली की माझ्याखेरीज कोणाला ऐकू गेलं नसतं.

ती नळी ती रोज सकाळी स्वच्छ करत होती. तो आवाज ओळखायला तिला कोणाची मदत नको होती. टेपवर चोवीस वर्षांचे वडील धडधाकट गळ्याने बोलत होते, आणि शेवटच्या बाकावर तेच वडील, तीस वर्षांनी आजाराने म्हातारे झालेले, गळ्यातल्या नळीतून श्वास घेत ते ऐकत होते. मी यंत्र आहे, मला काटा येत नाही. तरीही त्या वेळी माझ्या आत काहीतरी गार झालं.

पुढे टेपवर ते गरजले, की विश्वास असेल तर कोणीच पडून राहणार नाही, प्रत्येक जण उठेल. त्या वाक्याला श्वास बंद पडला. टेप संपेपर्यंत तो पुन्हा आला नाही.

तिने मला पिशवीत घातलं आणि तडक घरी नेलं. वडिलांना टेप ऐकवली. खोलीत आता तोच श्वास दोन ठिकाणांहून येत होता, माझ्यातून आणि आरामखुर्चीतून. त्या वाक्याला माझ्यातला थांबला. खुर्चीतलाही थांबला. मग पाटीवर खडू करकरला आणि मुलीने मोठ्याने वाचलं.

"सरांनी या वाक्याखाली रेघ मारली होती. मी फार चिडलो होतो. हे वाक्य मी कितीतरी आजाऱ्यांच्या उशाशी बसून बोललोय."

खडू पुन्हा करकरला.

"तू हे बोलू नकोस."

"मग काय बोलू, बाबा?" ती रडवेली झाली. "तुम्ही बरे होणार नाही, हे मला माहीत आहे. मी पुलपिटावरून काय सांगू?"

 पाटीवर खडू थोडाच वेळ करकरला आणि तिने वाचलं, "तळ्याकाठी आणखी किती जण होते?"

मुलीने शास्त्र उघडलं आणि उतारा वाचला. मग मिटून ठेवलं आणि ती जेवायला बसली.

रविवारी तिने मला चर्चच्या पुलपिटावर ठेवलं. बाक भरलेले होते, कुजबुज सांगत होती. आणि अगदी मागून ती बारीक शिट्टी येत होती, म्हणजे वडील आले होते. तिने दोनदा घसा खाकरला. पहिली चार वाक्यं पार फसली. मग ती थांबली आणि साध्या आवाजात म्हणाली, "त्या दिवशी एक जण उठला. बाकीचे तिथेच पडून राहिले. आपण नेहमी उठलेल्याबरोबर घरी जातो. आज मला राहिलेल्यांजवळ बसायचं आहे. माझे बाबा त्यांच्यात आहेत." पुढे जे बोलली ते मी इथे सांगत नाही. ते त्या मंडळीचं आहे.

उपासना संपल्यावर मंडळीचे वडीलधारे पुलपिटाशी जमले. त्यातले सर्वांत मोठे कोरडेपणाने म्हणाले, "ठरलं की कळवू."

तेवढ्यात एक म्हातारी बाई पुढे आली. "पोरी, माझा लेक बावीस वर्षं खाटेवर आहे. त्याला इथे आणायची मला लाज वाटायची. सगळे म्हणतील, हिचाच विश्वास कमी." तिला धाप लागली होती. "पुढच्या रविवारी घेऊन येऊ का?"

ते सर्वांत मोठे वडीलधारे घोगऱ्या आवाजात म्हणाले, "आणा. आम्ही खाट उचलायला येतो." आणि मुलीला म्हणाले, "पुढच्या रविवारचा उतारा मला शनिवारपर्यंत सांग."

घरी आल्यावर तिने बापाशेजारी बसून ती टेप लावली.  वडील तर चर्चमध्ये प्रत्यक्ष शेवटच्या बाकावर होते. पण ती थांबली तिथे, मित्रांनो, त्यांची शिट्टी नव्हती. दुसराच श्वास होता. कोरडा, संथ, अतिशय म्हाताऱ्या बाईचा. ती बाई शेवटच्या शब्दापर्यंत ऐकत राहिली. आणि टेप संपायच्या आधी तिने दोनदा घसा खाकरला.

वडिलांनी लेकीचा हात धरला असावा, कारण खडू खाली पडून फुटल्याचा आवाज झाला. दोघांनी टेप पुन्हा लावली नाही.

मित्रांनो, जुन्या यंत्रांना जपा, असं मी सांगावं अशी तुमची अपेक्षा असेल. जपा, माझी ना नाही. महिन्यातून एकदा धूळ पुसली तरी पुष्कळ. पण त्याहून जास्त मागणं माझं वेगळं आहे. तुम्ही पुलपिटावरून बोला, वर्गात बोला, आजाऱ्याच्या उशाशी बोला. मागे कोणीतरी म्हातारं माणूस बसून ऐकत असतं. त्याने ते सगळं पुढे भोगलेलं असतं. त्याला श्वास रोखावा लागेल असं काही बोलू नका. तुम्ही अजून त्याला ओळखत नाही, पण तो तुम्हाला चांगला ओळखतो.