शपथेत नसलेला जावई

बन्यामिनांच्या वंशाशी युद्धाला निघताना बाकीच्या सगळ्या वंशांनी मिस्पा गावी शपथ घेतली: बन्यामिनांच्या घरात कोणीही आपली मुलगी द्यायची नाही, देईल त्याला शाप. आमचे हे, एल्दाद, पहिल्या रांगेत होते आणि आवाजही यांचाच मोठा. आमच्या लेकीचं, होग्लाचं लग्न बन्यामिनांतल्या गेराशी आधीच ठरलंय, हे यांना परतताना वाटेत आठवलं.

युद्ध संपलं. बन्यामिनांचे मूठभर पुरुष उरले, बायका एकही नाही. गेरा त्यांत होता. आपलाच एक वंश बुडणार म्हणून वडीलधारी मंडळी रडली आणि मग त्यांनीच वाट काढली. आमच्या शिलो गावच्या सणात मुली द्राक्षमळ्यापाशी नाचतात. बन्यामिनांनी तिथून त्यांना पळवावं. पळवलेली मुलगी बापानं दिली असं होत नाही.

सणाच्या सकाळी गेरा आमच्या दारात.

"काका, संध्याकाळी होग्लाला पळवू का?"

यांनी कान झाकले. "मला विचारू नकोस. हो म्हटलं की दिल्यासारखं होईल."

"पण न विचारता पळवणं बरं दिसत नाही."

बायकांना शपथ कोणी घालायला आलंच नव्हतं. म्हणून मी सांगितलं, "जुन्या वेलीमागे बस."

नाच सुरू झाला. मळ्यातून एकेक जण उठला, एकेक मुलगी गेली. गेरा बसूनच. होग्ला त्याच्यासमोरून इतक्यांदा गेली की मैत्रिणी हसायला लागल्या. शेवटी तीच वेलींत शिरली.

"काय झालं?"

"काका बघतायत."

"ते डोळे मिटून उभे आहेत, शहाण्या."

तिनं त्याचा हात धरला आणि ओढत घरी आणलं. आमच्या घरी.

गावातले वडील शल्लूमबाबा चौकशीला आले. "एल्दाद, ही कसली चोरी? मुलगी तर घरातच आहे. म्हणजे तू दिलीस."

यांचा चेहरा उतरला. होग्ला म्हणाली, "शल्लूमबाबा, मुलगी द्यायची नाही अशी शपथ होती ना? मी कुठे गेले? मुलगा आणायचा नाही, असं कोणी म्हणालं होतं?"

शल्लूमबाबांनी बराच वेळ दाढी कुरवाळली. "नाही. ते कोणाला सुचलं नव्हतं."

"मी पहिल्या रांगेत होतो," हे घाईनं म्हणाले. "मुलग्याचा शब्दही नव्हता."

गेरा आता आमच्याकडेच राहतो. बन्यामिनांत बरेच डावखुरे, तोही तसाच. एका ताटात जेवताना त्याचं कोपर यांच्या कोपराला लागतं आणि मसुरीची आमटी सांडते.

"युद्धातसुद्धा बन्यामिन इतका जवळ येऊ दिला नव्हता," हे पुटपुटतात आणि भाकरी त्याच्याकडे सरकवतात. शपथेत भाकरीचंही काही नव्हतं.