ओठांकडे बघायचं नाही

"खाली बघा, खाली! परत माझ्या तोंडाकडे बघितलंत!" मामी ओरडली आणि मामा ओशाळून हसला.

अगं, सकाळी सकाळी रंगीत तालीम चालली होती! मी मामाला न्यायला गेले, तर हा स्टुलावर शाळेतल्या पोरासारखा बसलेला आणि समोर मामी डॉक्टर होऊन उभी. का, तर मामाला ऐकू येत नाही. सगळा जन्म जहाजाच्या इंजिनरूममध्ये ऑइलर म्हणून गेला त्याचा. तेल घाल, बेअरिंग तापलंय का बघ. तिथे आवाज एवढा की शेजारच्याने कानात बोंब मारली तरी पोचत नाही. मग ही माणसं काय करतात, एकमेकांचे ओठ वाचतात! मामा तर इतका तरबेज की तासभर गप्पा मारा, याचे कान गेलेत हे तुम्हाला कळणारसुद्धा नाही. आणि नेमकं तेच आता मुळावर आलं होतं.

कारण कंपनीने त्याला जहाजावर पाठवणं बंद केलं. तळमजल्यावर भरतीचा साहेब बसतो, त्याने तोंडावर सांगितलं, "कान गेलेत तुमचे. धोक्याचा भोंगा वाजला तर कळणार कसं?" बरं, कबूल. पण कामापायी कान गेले तर अपंगत्वाची भरपाई द्या ना, नियमच आहे तसा! तर त्यासाठी वरच्या मजल्यावर कंपनीच्याच डॉक्टरसमोर जायचं. भरपाई मिळाली तर घर वाचणार, नाहीतर बँक टपूनच होती.

"कान तपासायच्या मशीनवर कळेलच की," मी म्हटलं.

"मशीनचं नाही गं, यांचंच भ्या वाटतं. कोणी दोन शब्द गोड बोललं की झाले सुरू!" मामी त्याच्या मागे जाऊन शर्टाची कॉलर नीट करत म्हणाली, "अहो, आज ओठांकडे बघायचं नाही, कळलं?"

पाठीमागून म्हणाली ना, त्याला काय कळणार! आम्ही दोघी जाम हसलो. मग तोही हसला, उगीचच.

मशीनची तपासणी मस्त झाली. म्हणजे वाईट झाली, म्हणून मस्त. कानाला हेडफोन, हातात बटण, आवाज आला की दाबायचं. मामाने जवळजवळ दाबलंच नाही. मग डॉक्टर. पांढरे केस, मऊ आवाज. तो कागदावर प्रश्न लिहून देणार, मामा फरशीवर नजर लावून उत्तर देणार. शहाण्यासारखा! मी मनात म्हटलं, जिंकलो.

तेवढ्यात मामा कागद परत द्यायला वर बघतो काय, आणि डॉक्टर पेन खाली ठेवून सहज म्हणतो काय, "जुनं इंजिन फार छळत असेल नाही हो तुम्हाला?"

"छळत?" मामाचा चेहरा असा उजळला! "सर, अहो बायकोने केला नसेल एवढा छळ त्या तीन नंबरच्या सिलिंडरने केला माझा!"

संपलं. मी चिमटा काढला, पायावर पाय दिला, हा थांबेचना. डॉक्टर विचारतोय, हा सांगतोय, हातवारे काय, हसणं काय. घरी आल्यापासून त्याला इंजिनाबद्दल कोणी विचारलंच नव्हतं गं. जो तो आपला कानाचं विचारायचा.

डॉक्टरने सगळं ऐकून घेतलं, पेनाला टोपण लावलं. "छान ऐकू येतंय की!"

मी ताडकन उठले. "तो ओठ वाचतो! पाठ करून विचारा ना!"

"पाठ केली की ते मुद्दाम गप्प बसणार. बटण दाबलं नाही, तसंच."

"अहो, पण खाली तुमचीच माणसं म्हणतात, याचे कान गेलेत!"

"मग खालचं खाली विचारा."

आम्हाला बाहेरच्या बाकावर बसवलं. समोर काचेची खोली, आत डॉक्टर आणि कंपनीचा भरपाईचं बघणारा साहेब बोलतायत. दार गच्च बंद, मला एक अक्षर ऐकू येईना. मामा मात्र टक लावून बघत होता.

मी खांदा हलवून त्याला माझ्याकडे वळवलं. "काय म्हणतायत रे?"

"डॉक्टर म्हणतोय, असली नाटकी माणसं रोज येतात." सपाट आवाजात सांगत होता, बातम्या वाचल्यासारखा. "साहेब विचारतोय, म्हणजे द्यायला नको ना? डॉक्टर म्हणतोय, छे. कान ठणठणीत आहेत त्याचे."

मी त्याच्यासमोर उभी राहिले. "मामा! चल आत! आत्ता काचेआड काय काय बोलले ते शब्दन् शब्द सांगू त्यांना!"

"काय सांगू? तुमचं सगळं ऐकलं म्हणून?"

मी परत बाकावर बसले. साहेब बाहेर आला, हसला, "कळवतो हं आम्ही," म्हणाला. आणि मामा चक्क उठून उभा राहिला. "थँक्यू सर."

बसस्टॉपवर मात्र मी सुटलेच. दुसऱ्या डॉक्टरकडे जाऊ, वकील बघू, युनियनवाल्यांना उठवू, मामीला आज काही बोलायचं नाही, मी बघते काय ते, तू काळजी करू नकोस. त्याचा हात धरून बोलतच होते, बोलतच होते. मामाने थोडा वेळ माझ्या तोंडाकडे बघितलं. मग डोळे मिटून घेतले.