बर्फाच्या वाटीचा राखणदार

मी एक जुना फ्रीज आहे. एकेकाळी मी पांढराशुभ्र होतो, आता माझा रंग सायीसारखा झाला आहे. दाराच्या खालच्या कोपऱ्याला गंज चढला आहे, आणि चालू होताना मी असा काही हुंकारतो की घरी आलेला पाहुणा दचकून मागे बघतो. पण हसू नका, मित्रांनो! या पोटात मी जे सांभाळलं, ते तुमच्या त्या दोन दारांच्या चकचकीत फ्रीजांनी स्वप्नातही सांभाळलं नसेल. नुसतं आठवलं तरी माझा कॉम्प्रेसर धडधडायला लागतो. ऐकाच!

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. पत्र्याचं अंग, आत फेस भरून केलेल्या जाड भिंती, पाठीवर काळ्या नळ्यांची जाळी आणि दाराला रबराची पट्टी. शेवटी माझ्यात गॅस भरला. एका बाईंनी आत हात घालून पाहिला आणि त्या म्हणाल्या, "गार होतोय. पुढचा घ्या." झालं माझं बारसं! तिथून मी एका दुकानात आलो. येणारा जाणारा माझं दार उघडायचा, आत डोकावायचा, धाडकन लावायचा आणि निघून जायचा.

मग एके दिवशी ती तिघं आली. बाबा, आई आणि आईच्या कडेवर त्यांची लेक. बाबा खिडक्यांना आणि दुकानांना काचा बसवायचं काम करायचे. त्यांचे मित्र त्यांना लगेचराव म्हणायचे, कारण एखादी वस्तू आवडली की त्यांच्या तोंडून पहिला शब्द निघायचा, "लगेच घेऊ!" लेकीला सगळे टिचकी म्हणायचे. समोर येईल त्या वस्तूवर ती टिचकी मारायची आणि कान देऊन आवाज ऐकायची. माझ्या दारावर तिने टिचकी मारली आणि ती खुदकन हसली. मी तिथेच विरघळलो.

"पैसे साठले की घेऊ ना," आई म्हणाली. "घाई कसली?"

"पैसे कशाला लागतात? हे आहे ना!" असं म्हणत बाबांनी खिशातून एक कार्ड काढलं. ते क्रेडिट कार्ड होतं. दुकानदाराने ते यंत्रात घातलं, कागदाची एक पट्टी बाहेर आली, आणि एकही नोट न मोजता मी त्यांच्या घरी निघालो. मला वाटलं, मी फुकटच गेलो!

माझा हिशेब साधा आहे, मित्रांनो. माझ्या आत जेवढं ठेवाल तेवढंच बाहेर निघतं. रिकाम्या फ्रीजमधून कुणी दूध काढून दाखवावं! पण ते कार्ड म्हणजे असा फ्रीज होता, की दूध आधी प्यायचं, दूधवाला मागाहून दारात येणार, आणि प्यायलात त्यापेक्षा जास्त दुधाचे पैसे मागणार. हे मला फार उशिरा कळलं.

माझ्यामागून एकेक वस्तू येऊ लागली. अंग चेपून देणारी खुर्ची आली. व्यायामाची सायकल आली, तिच्यावर ओले टॉवेल वाळू लागले. टीव्ही तर एवढा मोठा आला की तो नीट दिसावा म्हणून सगळ्यांना स्वयंपाकघराच्या दारात बसावं लागायचं. आणि दर महिन्याला बँकेचा कागद यायचा. आई तो माझ्या अंगाला टेकून वाचायची. तिचा उसासा मला पत्र्यातून कळायचा. व्याजावर व्याज चढत गेलं. खुर्ची विकली, सायकल विकली, टीव्ही विकला. मोठं घर सोडून आम्ही तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत आलो. मला जिन्यावरून चढवताना हमालांनी ज्या शिव्या दिल्या, त्या मी तुम्हाला सांगणार नाही. माझी किंमत पुरती फिटली, तेव्हा माझ्या दाराचा रबर सैल पडला होता. मी खऱ्या अर्थाने त्यांचा झालो तो जुना होऊनच.

शेवटचा पैसा चुकता झाला त्या दिवशी आईने कात्री काढली.

"थांब, थांब!" बाबा ओरडले. "कापू नकोस ते. अडीनडीला असू दे."

"तुमची अडीनडी रोज दुकानाच्या काचेत मांडलेली असते."

"काचा मीच बसवतो गं! दिसणारच की!"

आईला हसू आलं. तिने कात्री खाली ठेवली, एक स्टीलची वाटी घेतली, तीत कार्ड टाकलं, वरपर्यंत पाणी भरलं आणि ती वाटी माझ्या फ्रीजरमध्ये अगदी मागे सारली. "हे घ्या. कापलं नाही. पण आता नियम ऐका. कार्ड हवं असेल तर वाटी ओट्यावर काढून ठेवायची. बर्फ आपोआप वितळू द्यायचा. गरम पाणी नाही, हातोडी नाही. तोवर विचार करायचा. आणि एरवी घरात काय चालेल? रोख, नाहीतर डेबिट कार्ड. खात्यात असेल तेवढंच."

कार्डाचा नंबर बाबांना पाठ असण्याची भीती नव्हती. ते स्वतःचा फोन नंबरही आईला विचारतात.

आणि मित्रांनो, मी राखणदार झालो! ज्या कार्डाच्या जोरावर मी या घरात आलो, त्याच्यावरच मला पहारा करायचा होता. मी अशी थंडी धरली की वाटीवर बर्फाची पांढरी दाढी उगवली.

पहिली कसोटी लवकरच आली. बाबांनी एका दुकानात माशांची काचेची पेटी पाहिली. कपाटाएवढी! काचेचं काम करणारा माणूस काचेलाच भुलला. त्यांनी वाटी ओट्यावर काढली आणि हनुवटीला हात लावून समोर बसले. बर्फ काही केल्या हलेना. मग ते हळूच वाकून फुंकर मारू लागले.

"बाबा, फुंकर नियमात बसत नाही!" टिचकी ओरडली. ती आता शाळेत जाऊ लागली होती आणि नियमांची भारी पक्की झाली होती.

करायला काही नव्हतं, म्हणून बाबांनी पट्टी घेतली आणि पेटी कुठे ठेवायची ते मोजू लागले. भिंतीपाशी मोजलं, खिडकीखाली मोजलं. शेवटी पलंगावर मोजलं. मग पट्टी गुंडाळून त्यांनी वाटी उचलली आणि स्वतःच्या हाताने माझ्या पोटात परत ठेवली. "उद्या बघू," ते पुटपुटले. लगेचराव उद्या म्हणाले! आनंदाने मी एवढा हुंकारलो की आईने माझ्या पाठीवर एक थाप दिली.

पुढची वर्षं माझ्या कामाची आणि कौतुकाची होती. आई फळांचं आईस्क्रीम करू लागली. शेजारपाजारचे लोक डबे घेऊन यायचे. "तुमच्या फ्रीजला काय थंडी आहे हो!" असं कुणी म्हटलं की माझा आतला दिवाही जरा जास्त उजळायचा. पण माझा फ्रीजर लहान. आईला हवा होता डीप फ्रीझर, पेटीसारखा, वरून उघडणारा. तो आला की तिचं आईस्क्रीम दुकानांत जाणार होतं. त्यासाठी ती खात्यात पैसे टाकत होती, आणि या वेळी बाबा एकदाही "लगेच" म्हणाले नाहीत.

मग ती मोठी बातमी आली. टिचकीच्या छोट्याशा शाळेचा क्रीडादिन होता आणि सगळ्या शाळेचं आईस्क्रीम आईकडून जाणार होतं! त्या पैशांची भर पडून डीप फ्रीझर घरात येणार होता. आई फळं चिरून चिरून दमली, बाबा दूध ढवळून दमले, आणि माझं पोट डब्यांनी तुडुंब भरलं. कार्डाची वाटी कोपऱ्यात कशीबशी अंग चोरून बसली. आदल्या दिवशी दुपारी सगळं तयार होतं. मी फुशारलो होतो.

आणि माझ्या पाठीत टक्क झालं. मी बंद पडलो.

पहिल्यांदा कुणालाच कळलं नाही. टिचकीने जाता जाता दारावर टिचकी मारली आणि ती तिथेच थबकली. "आई! फ्रीजचा आवाज बदललाय!"

दार उघडलं तेव्हा बर्फाची दाढी ठिबकत होती. आईने तोंडावर हात ठेवला. बाबा धावत जाऊन मेकॅनिककाकांना घेऊन आले. काकांनी माझी पाठ उघडून पाहिली. "कॉम्प्रेसरला चालू करणारा भाग जळालाय. छोटासाच आहे, पण आणून बसवेपर्यंत संध्याकाळ होईल. तोवर तुमच्या आईस्क्रीमची लस्सी होणार बघा." मग त्यांनी माझ्याकडे पाहून मान हलवली. "लगेचराव, खरं सांगू? कोपऱ्यावरच्या दुकानात नवा फ्रीज तयार आहे. लगेच आणून लावतील."

खात्यातले पैसे नव्या फ्रीजवर घातले तर डीप फ्रीझर गेला. काहीच केलं नाही तर आईस्क्रीम गेलं, शाळा गेली आणि आईचं नावही गेलं. आणि कोपऱ्यातल्या वाटीत, इतक्या वर्षांनी पहिल्यांदाच, ते कार्ड पाण्यात मोकळं सुटलं होतं! पहारेकरीच आडवा झाला होता.

बाबांनी दोन बोटांनी कार्ड उचललं आणि शर्टाला पुसलं.

"मी नियम मोडलेला नाही," ते म्हणाले. "आपोआपच वितळलंय."

"हो," आई म्हणाली. "ठरवा तुम्ही."

मित्रांनो, मला ओरडावंसं वाटत होतं, पण माझ्यात हूं करण्याइतकाही जीव नव्हता. आणि नवा फ्रीज आला की माझी रवानगी भंगारात, हे न कळायला मी काही दूधखुळा नाही. मी नुसता ठिबकत राहिलो. बाबांनी कार्डाकडे पाहिलं, डब्यांकडे पाहिलं, कार्ड वाटीजवळ ठेवलं, पुन्हा उचललं, मुठीत घट्ट धरलं आणि पायांत चपला सरकवून ते दाराबाहेर गेले. जिन्यावर त्यांची पावलं धडाधड खाली उतरत गेली. संपलं सगळं, मी म्हटलं.

आणि खालच्या मजल्यावरून बाबांचा आवाज आला. "काकू! तुमच्या फ्रीजरमध्ये दोन डबे मावतील का? लगेच!"

मग काय धावपळ उडाली म्हणता! बाबा एकेक दार ठोठावत होते, लगेच, लगेच म्हणत होते, आणि दारं उघडत होती. कुणी मटार बाहेर काढले, कुणी बर्फाचे ट्रे काढले. एका आजोबांनी तर, "माझ्या फ्रीजमध्ये औषधांशिवाय आहे काय? सगळाच घ्या!" म्हणून किल्लीच देऊन टाकली. आई डबे पुसून देत होती, बाबा पळत होते, आणि कुठला डबा कुणाकडे गेला ते टिचकी पेनने तळहातावर लिहीत होती. तळहात पुरेना, तेव्हा तिने कोपरापर्यंत लिहिलं. बघता बघता माझं पोट रिकामं झालं आणि आईस्क्रीमचा एक थेंबही सांडला नाही.

शेवटी बाबा घामाघूम होऊन वर आले. त्यांनी मूठ उघडली. कार्ड तिथेच होतं. त्यांनी ते वाटीत टाकलं, वरपर्यंत पाणी भरलं आणि खालच्या काकूंच्या हातात दिलं. "काकू, एवढंही ठेवा."

"अगंबाई, हा कुठला पदार्थ?"

"उधारीचा! मी मागायला आलो तर लगेच देऊ नका."

संध्याकाळी मेकॅनिककाकांनी तो छोटा भाग बसवला आणि मी हुंकारलो. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, माझ्यासाठी! बाबांनी काकांच्या हातावर तिथल्या तिथे रोख पैसे ठेवले. "वा, लगेचराव," काका म्हणाले, "पैसेसुद्धा लगेच!"

शाळेचं आईस्क्रीम वेळेवर गेलं आणि मुलांनी वाट्या चाटूनपुसून साफ केल्या. थोड्याच दिवसांत डीप फ्रीझर घरी आला. त्याचे पैसे डेबिट कार्डाने दिले आणि दारातून आत आला त्या क्षणापासून तो आमचा झाला. तो माझ्या शेजारी उभा राहिला. त्याला पाहून मला हेवा वाटला नाही, असं म्हटलं तर ते खोटं होईल. पण आई म्हणाली, "आता याला जरा विसावा," आणि तिने माझी पाठ पुसली. मला भरून आलं.

काकूंनी वाटी परत आणून दिली. "आता वितळू द्या," बाबा म्हणाले. "आज कापूनच टाकू." सगळे ओट्याभोवती बसले. बर्फ सुटल्यावर टिचकीने कार्ड उचललं, त्याच्यावर टिचकी मारली आणि वाचू लागली. वाचता वाचता तिचे डोळे मोठे झाले.

"बाबा, याच्यावर तारीख आहे. ही तर कधीच उलटून गेलीय! परवाच्या गोंधळाच्याही कितीतरी आधी!"

सगळ्यांनी पाहिलं. खरंच! घर बदललं तेव्हा बँकेला नवा पत्ता कळवायचाच राहिला होता; उरलेले पैसे बाबा बँकेत जाऊनच भरत होते. नवं कार्ड जुन्या घराच्या दारावरून परत गेलं असणार, आणि कुणाला त्याची आठवणही झाली नव्हती. मी इतकी वर्षं जीव तोडून पहारा केला, आणि कार्ड माझ्या पोटातच म्हातारं होऊन गेलं होतं!

आई हसत सुटली. "म्हणजे त्या दिवशी दुकानात गेला असतात, तर हात हलवत परत आला असतात!"

बाबाही हसले. मग त्यांनी कार्ड हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. "पण मला कुठे माहीत होतं ते?"

"नव्हतं ना," आई म्हणाली. तिने डोळे पुसले. "म्हणून तर."

बाबांनी कार्ड कापलं नाही. त्यांनी ते चुंबकाने माझ्या दारावर लावलं. आलागेला विचारतो, हे काय? टिचकी सांगते, "बाबांचं बक्षीस!"

मित्रांनो, मला वाटायचं, या घराचं शहाणपण माझ्या थंडीत आहे. पण त्या दुपारी मी मेल्यासारखा पडलो होतो, बर्फाचं पाणी झालं होतं, कार्ड बाबांच्या मुठीत होतं, आणि तरीही घर सांभाळलं गेलं. तेव्हा राखणदार मी नव्हतोच! हे मला कळलं, त्या दिवसाएवढा आनंद मला कधी झाला नाही.

आता मी दूध, भाजी आणि टिचकीची चॉकलेटं सांभाळतो. तुमच्या घरीही माझ्यासारखा एखादा म्हातारा असेल. त्याच्या पाठीवरची धूळ झटका, त्याचा रबर पुसा, आणि त्याला टाकून नवा आणायच्या आधी एकदा मेकॅनिककाकांना विचारा. काही घ्यावंसं वाटलं तर आधी आत काय आहे ते बघा, मग बाहेर काढा. आणि हो, बघून झालं की दार हळू लावा.