नऊ दिवसांचे आकडे

कत्तलखान्याच्या शीतगृहात सुवार्नीने आम्लता मोजायच्या मीटरचं टोक मांसात खुपसलं आणि आकडा स्थिर होईपर्यंत श्वास धरून ठेवला. सहा पूर्णांक तीन. तिने वळून दाराकडे पाहिलं आणि तक्त्यावर लिहिलं, पाच पूर्णांक सहा.

मग ते अर्धं धड हुकासकट ढकलत तिने भिंतीकडच्या रांगेत नेलं. ती रांग बाक्सोवाल्यांची. मांसाचे गोळे वळणाऱ्यांना सहाच्या वर आकडा गेलेलं असं गडद, चिकट मांस उलट हवंच असतं. ओरड होती ती जकार्तातल्या मोठ्या दुकानांची. त्यांनी माल परत पाठवायला सुरुवात केली, तशी ऑस्ट्रेलियाहून गुरं आणणाऱ्या मालकांनी डार्विनच्या ग्लेन नावाच्या माणसाला इथे लाम्पुंगला बोलावून घेतलं होतं.

ग्लेनने पहिल्याच दिवशी सगळ्यांना बसवून सांगितलं, की कापण्याआधी जनावर घाबरलं तर मांस असं होतं. तेव्हा प्रत्येक धडाचा आकडा घ्यायचा आणि ते जनावर अरुंद वाटेतून कुणी हाकत आणलं, त्याचं नाव शेजारी लिहायचं. मुकादम रोहादीने वर आपली भर घातली. ज्याच्या नावापुढे गडद मांस जास्त दिसेल, त्याचं त्या वाटेवरचं काम गेलं म्हणून समजा.

सुवार्नीला गडद लागलेल्या मांसापुढे तक्त्यात पुन्हा पुन्हा एकच नाव येत होतं. तुकिजो. तिचा नवरा.

तुकिजोच्या हातून जनावर घाबरेल, असं कुणी मागे म्हटलं असतं तर लोक हसले असते. तेव्हा गुरं गावातलीच असत, नाकात वेसण, धनी स्वतः दोर धरून आणून सोडायचा. सुवार्नीने त्याला पहिल्यांदा पाहिलं ते ईदच्या आधीच्या बाजारात. दोर तोडून सुटलेल्या बैलाच्या कपाळावर हात ठेवून तो काहीतरी गुणगुणत होता, आणि बैल हळूहळू मान खाली घालत होता. ती तेव्हा एकोणीस वर्षांची होती. आता गुरं जहाजातून यायची, माणसाचा हात कधीही न लागलेली. आणि तुकिजो छपन्नचा झाला होता. या वयात त्याला दुसरीकडे कोण उभं करणार?

नऊच्या सुमाराला ग्लेन शीतगृहात आला. तक्ता चाळत मोडक्यातोडक्या भाषेत, इथे बायकांना आदराने म्हणतात ते ‘बु’ लावून म्हणाला,

"बु, तुमचे आकडे फार चांगले आहेत. उद्या मी माझा मीटर आणतो. दोघं मिळून मोजू."

तो हसत होता. सुवार्नीने मान हलवली. 

दुपारच्या सुट्टीआधीच ती मागच्या अंगणाकडे निघाली. इतक्या वर्षांत ती तिकडे कधी गेली नव्हती. पाणी मारणाऱ्याने टोमणा मारलाच, काय बु, नवऱ्यावर पाळत ठेवायला आलात का? डबा द्यायला आले, असं काहीतरी ती बोलली आणि कुंपणाशी थांबली.

तुकिजो वाटेच्या तोंडाशी उभा होता. पुढचं जनावर अजून थांबलंही नव्हतं, तोच त्याने विजेची काठी त्याच्या अंगाला लावली. जनावर उसळलं, गजांवर आदळलं. तुकिजो ओरडला. तो दरडावण्याचा आवाज नव्हता. जनावर मागे सरकलं, तसा तो झटकन कुंपणावर दोन गज वर चढला आणि दोन्ही हातांनी लोखंड कवटाळून तसाच राहिला. 

सुट्टी झाल्यावर दोघं फणसाखाली बसली. तिने भात आणि सोयाबीनचं तेंपे वाढलं. मग मान वर न करता सगळं सांगून टाकलं, खोटे आकडे, बाक्सोवाल्यांची रांग, उद्याचा मीटर.

तुकिजोचा घास हातातच राहिला.

"किती दिवस?"

"नऊ. अहो, तुमचं काम जाईल म्हणून मी..."

 डावा हात बरगड्यांवर नेऊन तो म्हणाला,

"फेब्रुवारीत मोटरसायकलवरून पडलो नव्हतो मी. त्या वाटेत एका बैलाने मला भिंतीशी चिरडलं होतं. तेव्हापासून रोज सकाळी तिथं उभं राहताना उलटी येते मला."

"मग रोहादीला सांगायचं ना. मला तरी."

"काय सांगायचं? तुकिजोला गुरांची भीती वाटते?" तो हसल्यासारखं करून थांबला. "त्या वाटेवरून काढलं असतं, तर गवत टाकलं असतं, झाडू मारला असता. तो मीटर आला ना, तेव्हा मला इतकं हलकं वाटलं. म्हटलं, आता तोच सांगेल. मला तोंड उघडावंच लागणार नाही. रोज वाट बघत होतो, आज बोलावतील, उद्या बोलावतील."

आत भोंगा वाजला. माणसं उठून कपडे झटकू लागली. तुकिजोने घास परत डब्यात ठेवला आणि पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. त्याच्या नजरेत राग नव्हता.

"म्हणजे नऊ दिवस," तो म्हणाला, "मला तिथं तू ठेवलंस."