मोसिन्याचा उपास

माझ्या बायकोला, इरासिल्डाला, पुरून चार महिने झाले, तरी मोसिन्याने तोंडाला काही लावलं नव्हतं.

मोसिन्या म्हणजे आमची झिबोया. अजगराच्या जातीची, बिनविषारी, माझ्याहून लांब. शिलाई मशीनखालच्या लाकडी पेटीत ती राहायची. ती इरासिल्डाची होती, माझी नव्हे. मी मासेमारीच्या होडीवर, बारा-बारा दिवस समुद्रात. घरी आलो की पेटी दिसायची, आत जाड वेटोळं दिसायचं. ती काय खाते, कसं खाते, हे मी कधी विचारलं नाही. विचारायचं काय त्यात? आमच्या ब्रागांसा गावात झिबोया उंदीर खाते. पिठाच्या गोदामांत आढ्यावर एक तरी असतेच. त्यासाठीच ती ठेवतात.

मोसिन्याची आईही अशीच, आमच्या भिंतीला लागून असलेल्या दोर्जिवालच्या गोदामात नऊ वर्षं होती. खाली कसावाच्या भाजक्या पिठाची पोती, वर ती. मग बेलें शहरातून एक नवा व्यापारी आला. आढ्यावरचा साप बघून तो दचकला, आणि दोर्जिवालने त्याच्यासमोरच कोयत्याने तिचे दोन तुकडे केले. तिच्या पोटात पिल्लं होती. एकच जिवंत राहिलं. ते इरासिल्डा झग्यात गुंडाळून घरी घेऊन आली.

झिबोया गेली आणि गोदामात उंदीर माजले. भिजलेलं, आंबलेलं पीठ दोर्जिवाल मागच्या गटारात ओतायचा. असं सात वर्षं चाललं. मग मार्चच्या पावसात गटार तुंबलं आणि पाणी आमच्या स्वयंपाकघरात आलं. इरासिल्डा त्याच्याकडे तीनदा गेली. तिन्ही वेळा तो म्हणाला, "उद्या माणसं पाठवतो." चौथ्या दिवशी तिने स्वतःच फावडं घेतलं आणि अनवाणी गटारात उतरली.

मी होडीवरून उतरलो तेव्हा ती तापाने फणफणली होती आणि डोळे पिवळेधमक झाले होते. डॉक्टर म्हणाले, लेप्टो. उंदरांच्या मुताच्या पाण्यातून, पायाच्या जखमेतून अंगात शिरतो. पाच दिवसांत ती गेली.

सातव्या दिवसाच्या प्रार्थनेला चर्चमध्ये दोर्जिवाल पहिल्या बाकावर बसला होता. सासरी गेलेल्या माझ्या मुलीला बाप्तिस्म्याच्या वेळी त्यानेच धर्मपिता म्हणून हातांवर धरलं होतं, म्हणून आम्ही एकमेकांना कोंपाद्रे म्हणायचो. माझा हात धरून तो म्हणाला, "देवाची मर्जी, कोंपाद्रे."

मी हात सोडवून घेतला. तिथेच बसून ठरवलं, याच्या गोदामातला एकेक उंदीर मोसिन्याच्या पोटात घालीन. सूड म्हणून हे लहानच होतं. पण माझ्या घरात हत्यार तेवढंच होतं.

होडीवर जाणं सोडलं. भिंतीलगत पिंजरे लावले. रोज दोन-तीन उंदीर सापडायचे, मांजराएवढे. शेपटी धरून मी उंदीर पेटीत सोडायचो आणि समोर स्टूल टाकून बसायचो. "खा," म्हणायचो. "हाच तो. खा याला."

मोसिन्या जीभ बाहेर काढायची, आत घ्यायची आणि मान फिरवायची. उंदीर तिच्या अंगावरून पळायचा. मी मेलेले देऊन पाहिले. लहान पिल्लं देऊन पाहिली. पेटी चुलीजवळ नेली, परत आणली. रोज तिला उचलून बाहेर काढायचो, पाठीवरून हात फिरवायचो, पुन्हा उंदीर. मे महिना संपेपर्यंत तिच्या पाठीचा कणा वर आला. कातडं बाजूंना सैल लोंबायला लागलं.

जुलैत एके दुपारी उंदीर आत सोडून मी कॉफी प्यायला उठलो. परत आलो तर उंदराने तिच्या मानेजवळचं मांस कुरतडलेलं. ती तशीच पडून होती. वेटोळंसुद्धा आवळलं नव्हतं.

मग माझं डोकं फिरलं. मी उंदराला फरशीवर आपटून मारलं, मोसिन्याचं डोकं मुठीत धरलं आणि चमच्याच्या दांड्याने तिचा जबडा उघडायला लागलो. "तिला मारलं यांनी! तुला कळत नाही? गिळ!" मी ओरडत होतो.

"अहो विनो! सोडा तिला!"

दारात झुइला उभी होती. पलीकडच्या घरातली, कोंबड्या पाळणारी. ओरडणं ऐकून धावत आली असणार. तिने माझ्या हातातला चमचा हिसकावला.

"साप मारताय की खायला घालताय?"

"चार महिने उपाशी आहे. उंदीर समोर धरला तरी बघत नाही."

"उंदीर?" झुइलाने कपाळावर हात मारला. "अरे देवा, तुम्ही तिला उंदीर देताय? जन्मात एकदा तरी खाल्लाय का तिने उंदीर?"

"झिबोया उंदीर खाते."

"दुसऱ्यांची खाते. इरासिल्डाची नाही. महिन्याला माझ्या कोंबड्यांतली एक तलंग न्यायची, मान पिरगाळून. सात वर्षं. तुम्ही या घरात राहत होता की नाही?"

राहत होतो, पण होडीवर.

"आणि समोर बसून राहता ना असे, कोतवालासारखे?" झुइला स्टुलाकडे बघत म्हणाली. "तिला तसं चालत नाही. तलंग गरम पाण्यात बुडवायची, पुसायची, आत ठेवायची. झाकण लावून वर इरासिल्डा आपला झगा टाकायची आणि निघून जायची. दुसऱ्या दिवसापर्यंत या खोलीत पाय ठेवायची नाही."

"उंदीर का नाही दिला कधी? एवढे आहेत."

झुइला दाराकडे जाता जाता थांबली. "मीही विचारलं होतं. म्हणाली, हिच्या आईने नऊ वर्षं त्याचे उंदीर खाल्ले आणि शेवटी कोयता मिळाला. ही कुणाची चाकरी करणार नाही. त्याचे उंदीर त्यालाच लखलाभ."

माझ्याशी ती हे कधी बोलली नव्हती.

मानेची जखम मी मिठाच्या पाण्याने धुतली आणि आठ दिवस मोसिन्याला हात लावला नाही. जखमेवर खपली धरल्यावर झुइलाने तलंग आणून दिली. कपाटातून इरासिल्डाचा निळा झगा काढला. तो मी धुतला नव्हता. तलंग गरम केली, पुसली, आत ठेवली, झाकण, वर झगा. आणि घराला कडी लावून दिवसभर नदीकाठी जाऊन बसलो.

सकाळी झाकण उघडलं. तलंग नव्हती. मोसिन्याच्या अंगात मध्येच फुगवटा होता. मी तिथेच खाली बसलो.

मोसिन्या पुन्हा खायला लागली, एवढंच गल्लीत पसरलं. तीन दिवसांनी दोर्जिवाल दारात आला. नवे बूट, हातात टोपी.

"मोसिन्या खायला लागली म्हणे, कोंपाद्रे."

"लागली."

"मला दे ना तिला काही महिने. तिच्या आईचीच जागा आहे. बेलेंच्या माणसाने पोती परत पाठवली रे, लेंड्या निघाल्या. माझा धंदा बसतोय."

चार महिने मी असंच काहीतरी व्हायची वाट बघत होतो.

"आधी मागचं गटार साफ कर," मी म्हणालो.

"उद्या माणसं पाठव—"

"माणसं नाहीत. तू. आत्ता. बूट काढून. ती उतरली तसा."

त्याचा चेहरा उतरला. "विनो, त्या पाण्यात..."

"काय आहे त्या पाण्यात?"

भिंतीपलीकडे काहीतरी खुडबुडलं. त्याने तिकडे पाहिलं, मग वाकून बूट काढले. उजव्या टाचेला जोड्याने लागलेली ताजी जखम होती. मी ती पाहिली. गप्प राहिलो. इरासिल्डाचंच फावडं आणून त्याच्या हातात दिलं.

तासाभरात सगळी गल्ली खिडक्यांतून बघत होती. एक बाई म्हणाली, "जरा जोर लावा की, मालक!" कुणी हसलं, कुणी नाही. झुइला दारात हाताची घडी घालून उभी होती. दोर्जिवाल गुडघ्यापर्यंत त्या काळ्या पाण्यात उतरला, आपलंच कुजलेलं पीठ उपसत. पाणी वाहतं होईपर्यंत मी त्याला वर येऊ दिलं नाही.

"आता दे," तो धापा टाकत म्हणाला.

मी त्याला आत नेलं. पिंजऱ्यात त्याचाच एक उंदीर होता. मी तो मारून मोसिन्यापुढे ठेवला. तिने जीभ बाहेर काढली, मान फिरवली आणि वेटोळ्यात डोकं घातलं.

"ती उंदीर खात नाही," मी म्हणालो. "फक्त कोंबडी. इरासिल्डाने तिला तसंच वाढवलं. तुझ्यामुळे."

"तुला माहीत होतं?"

"हो."

तो एक पाऊल पुढे आला. मला वाटलं, मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. पण तो बूट हातात घेऊन अनवाणीच गेला.

त्यानंतर मी रोज सकाळी दारात उभा राहून त्याचे डोळे बघायचो. पिवळे होतात का, एवढंच. खोटं कशाला बोलू, त्यासाठी मी मेणबत्तीही लावली. पंधरा दिवस झाले, डोळे पांढरेच. शेवटी झुइलाने सांगितलं, तो त्याच संध्याकाळी सरकारी दवाखान्यात जाऊन गोळ्या घेऊन आला होता. दारातूनच ओरडला होता म्हणे, "गटारात उतरलोय, लेप्टोची गोळी द्या."

म्हणजे त्याला ठाऊक होतं. त्या पाण्यात काय आहे ते, आणि त्याची गोळी मिळते तेही. झुइला म्हणाली, मार्चमध्ये त्याने खिडकीतून इरासिल्डाला गटारात फावडं चालवताना पाहिलं होतं, आणि तोंड उघडलं नव्हतं.

हे मी झुइलाला परत एकदा म्हणायला लावलं. मग मासळी बाजारात, पुन्हा जायला लागलो त्या होडीवर, चर्चच्या पायरीवर, जिथे चार माणसं भेटली तिथे मी ते सांगितलं. अजूनही सांगतो. पहिल्या बाकावर त्याच्या शेजारी आता कुणी बसत नाही.

महिन्यातून एकदा मी तलंग गरम करतो, पेटीत ठेवतो, वर निळा झगा टाकतो आणि निघून जातो. दुसऱ्या दिवशी मोसिन्या पोटभर जेवून पडलेली असते. भिंतीपलीकडे उंदीर पोती कुरतडत असतात. मी भिंतीला कान लावून ऐकतो.