पहिल्या रांगेचं वजन

"चढ गं काट्यावर. भितेस काय, तो काही चावत नाही."

लग्न होऊन घरात आल्याच्या दुसऱ्याच दिवशी ऐकलेला हा आवाज शिंपिणीच्या कानातून पुढं कधी गेला नाही. नणंदेचा आवाज. भंगाराच्या दुकानात, गंजक्या पत्र्यांच्या थप्प्या आणि तारांची भेंडोळी यांच्या मधोमध तो लोखंडी काटा ठेवलेला असे. खाली माणूस मावेल एवढी फळी, वर ताटाएवढी तबकडी. नव्या साडीचा बोंगा सावरत ती बिचारी फळीवर उभी राहिली. नणंदेनं आकडा मोठ्यानं वाचला आणि हमालांकडं बघून म्हणाली, "आमच्या भावाला माप मारलंय की रे त्या लोकांनी, एवढीशीच दिलीय." हमाल खो खो हसले. नवरीला वाटलं, आता फळी दुभंगावी आणि तिनं आपल्याला पोटात घ्यावं. तेवढ्यात नवऱ्यानं धप्पकन तिच्या शेजारी उडी मारली. तो तेव्हा चांगला भरलेला, गोल, गरगरीत गडी. गावभर त्याला गोणीच म्हणत. तबकडीची सुई गरकन फिरली. "आता वाच, ताई," तो म्हणाला, "दोघांचं मिळून वाच."

ताई हसली नाही. ती काट्याची थट्टा कधी करत नसे. काट्यावर उभ्या राहिलेल्या माणसाची मात्र मनसोक्त करी.

बापामागं दुकान ताईनंच चालवलं होतं, आणि तिच्या मापात कधी कुणी खोट काढली नव्हती. म्हणून तर छोट्या मोटारसायकलींची रविवारची शर्यत सुरू झाली, तेव्हा भांडणं मिटवायला लोकांनी तिलाच बोलावलं. शर्यत व्हायची बंद पडलेल्या कारखान्याच्या आवारात. सिमेंटची फरशी, वळणावळणाला जुन्या टायरांचे ढीग, आणि दिवे-आरसे काढून बोडक्या केलेल्या किरकोळ गाड्या. पळवणारेही असेच, पोटापाण्याचं उरकून आलेले: कुणी नळ दुरुस्त करणारा, कुणी पावाच्या भट्टीवाला, कुणी शाळेत कवायत घेणारा मास्तर. एका रांगेत तीन गाड्या, त्यामागं तीन, त्यामागं तीन. पहिल्या रांगेत कोण, यावरून दर रविवारी डोकी फुटायची वेळ यायची. आधी हेल्मेटमध्ये चिठ्ठ्या टाकून जागा ठरवल्या, तर चिठ्ठी उचलणाराच चोर ठरला. मग एकेकट्याच्या फेरीची वेळ मोजली, तर ज्याला गाडीवर खर्च झेपे तोच कायम पुढं.

ताईनं एका वाक्यात निकाल लावला. इंजिनं एवढुशी, त्यांना माणसाचा भारच जास्त. जो जड त्याची गाडी सरळ रस्त्यावर मागं पडणार, म्हणून जो जड तो पुढं उभा राहील आणि जो हलका तो मागं. तिनं दुकानातला काटा टेम्पोत घालून आणला, एकेकाला जॅकेट-बुटांसकट वर चढवलं, खणखणीत आवाजात आकडे वाचले. पुढं तिनं आणखी एक नियम घातला, भार हाडामांसाचा पाहिजे, लोखंड-शिशाचा नाही. कारण शिसं वजनाला चढतं आणि शर्यतीआधी गुपचूप उतरतंही. त्या दिवसापासून सगळे तिला आक्का म्हणू लागले. गोणीही गाडी पळवणाऱ्यांत होता, आणि अर्थातच पहिल्या रांगेत, तिसऱ्या जागी. कुणाची काही तक्रार नव्हती. गोणी तो गोणीच.

मग ताईनं गोणीला दुकानातून काढलं.

चूक त्याचीच होती. तांब्याची तार त्यानं लोखंडाच्या ढिगात तोलून देऊन टाकली, एकदा नव्हे, दोनदा. ताई ओरडली नाही. म्हणाली, दुसरा कुणी असता तर काढलाच असता, म्हणून तुलाही काढते. तो गडीही तिचाच भाऊ. त्यानं मान ताठ केली आणि थाप ठोकून दिली की बरं झालं, मोठ्या गोदामात नोकरी कधीची सांगून आलीय, तुझ्या भिडेखातरच अडलो होतो. "मग खा पोटभर," ताई म्हणाली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळली.

गोदाम कुठलं आणि नोकरी कुठली. भंगारवालीनं हाकललेल्या सख्ख्या भावाला कोण उभं करणार? जिथं जाई तिथं पहिला प्रश्न, बहिणीनं का काढलं रे? शिंपिणीच्या मशीनवर चार घरांचं शिवण येई, त्यावर घर कसंबसं भागे, आणि घरात दोन वाढती पोरं होती. गोणी ताटावर बसे, दोन घास खाई, आणि म्हणे, "आज भूकच नाही बघ." पोरांच्या ताटात त्याचा घास जाई. पोरं खात. शिंपीण बघे. आठवड्या-आठवड्यानं गोणीचा पट्टा आणखी एका भोकानं आत जाई, आणि भोकं संपली तेव्हा त्यानं खिळ्यानं नवं पाडलं.

गाडी विका, असं तिनं एकदा म्हणून पाहिलं. तो म्हणाला, विकली तर आठ दिवसांत ताईच्या कानावर जाईल. शर्यतीला जाऊ नका म्हटलं, तर म्हणाला, नाही गेलो तर त्याच दिवशी जाईल. दर रविवारी त्या दोघांची भेट व्हायची ती काट्यावरच. ताई त्याच्या तोंडाकडं बघत नसे, सुईकडं बघे. आकडा वाचे आणि हळूच म्हणे, "वजन धरून आहेस. नव्या ठिकाणी खायला बरं दिसतंय." गोणी म्हणे, "तर काय." त्या दोन शब्दांवर तो पुढचा आठवडा काढी. आकडा उतरला असता तर बहिणीनं न बोलता सगळं वाचलं असतं.

म्हणून शिसं. चाकं तोलायला टायरवाले रिमवर शिशाचे तुकडे ठोकतात, ते निखळून दुकानांसमोर पडतात. गोणी ते वेचून आणी, पार्सल ऑफिसातल्या काट्यावर स्वतःला तोलून येई, आणि जेवढा तो उतरला असेल तेवढं शिसं शिंपीण जॅकेटच्या अस्तरात शिवी. पाठीवर, कुशीला, छातीवर. तिच्या आईला शिवता शिवता ओव्या जुळवायची खोड होती, ती हिच्याही ओठी आली होती. कधी गोड जुळे, कधी ही अशी:

टाका घालते बारीक, दोरा ओढते दुहेरी
जड शिशाचा गं भार, हलक्या जिवाच्या उरावरी

तो ते शिसं वजनापुरतं घालत नसे. अंगावर घेऊनच गाडी पळवी, फेऱ्यांमागून फेऱ्या. पडला असता तर त्या भारानं बरगड्याच मोडल्या असत्या. तिनं हात जोडले. त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला, पण शपथ तिलाच घातली. ताईला कळलं, तर मी या घरात पुन्हा पाऊल टाकणार नाही. चोर म्हणाली तर चालेल, भिकारी म्हणायला नको.

आणि मग मास्तरचा पाय मोडला. मास्तर वजनानं चौथा, म्हणून दुसऱ्या रांगेत. पहिल्या वळणावर दुसऱ्या रांगेतल्या दोन गाड्या एकमेकींत अडकल्या आणि त्याची नडगी सायलेन्सरखाली गेली. ती बातमी ऐकली तेव्हा शिंपिणीचे हात मशीनवर थांबले. खरा आकडा लागला असता, तर मास्तर पहिल्या रांगेत, मोकळ्या जागी उभा असता. गोणी त्या रात्री तेवढे दोन घासही जेवला नाही. तरी पुढच्या रविवारी जॅकेट मागितलंच.

कुबडी घेतलेल्या माणसाला बघायला वेळच वेळ असतो. मास्तर टायरांच्या ढिगावर बसून बघत राहिला. एका रविवारी त्यानं सगळ्यांसमोर तोंड उघडलं. गोणीचं जॅकेट बांबूवर वाळत घातल्यासारखं दिसतंय, आणि आकडा मात्र जुनाच कसा? मग मिश्कीलपणे आक्काच्या बोटांकडं बघून म्हणाला, काट्यावर सावली जरी पडली तरी वजन वाढतं म्हणे, भावाच्या बाबतीत.

आक्काचं तोंड दगडासारखं झालं. तिच्या मापावर आजवर कुणी बोललं नव्हतं.

"आजपासून अंगावरच्या चड्डी-बनियनवर वजन," ती म्हणाली. "सगळ्यांचं."

शिंपीण त्या दिवशी आवारात होती. सकाळी जॅकेटची खांद्याची शिवण उसवली होती, ती घालून द्यायला ती आली होती आणि गोणीचं हेल्मेट कडेवरच्या पोरासारखं धरून उभी होती. बाकीच्यांनी हसत-खिदळत कपडे उतरवले. ढेऱ्या बाहेर आल्या. भट्टीवाल्यानं विचारलं, पोट आत ओढलं तर कमी भरतं का हो आक्का? आक्का म्हणाली, डोकंही ओढून घे, तेवढंच रिकामं. हशा पिकला.

गोणीची पाळी आली. तो म्हणाला, क्लच सरकतोय, आज नाही पळवत.

"पळवू नकोस," ताई म्हणाली. "वजन दे."

"ताई, जाऊ दे की."

"दुसरा कुणी असता तर जाऊ दिलं असतं का मी?"

तो जॅकेटसकट फळीवर चढला. सुई जुन्या जागी जाऊन थांबली. ताईनं स्वतः पुढं होऊन चेन ओढली आणि जॅकेट त्याच्या खांद्यावरून उतरवलं. तिचा हात भारानं खचकन खाली गेला. तिनं ते फरशीवर सोडलं. कापड पडल्याचा तो आवाज नव्हता. मग खिशातला कटर काढून तिनं अस्तर उभं चिरलं, आणि करडे तुकडे सिमेंटवर घरंगळले, एकामागून एक, एकामागून एक. ताईनं शिवण बोटानं चाचपली.

"टाका सुबक आहे," ती शिंपिणीकडं न बघताच म्हणाली. "शिंपिणबाईंचा हात कळतो. शर्ट काढ रे."

त्यानं शर्ट-पँट उतरवली, आत बनियन नव्हतंच. सुई खाली आली, आणखी खाली आली, आणि जिथं थांबली तो आकडा ताईनं नेहमीसारखाच खणखणीत वाचला. बरगड्या मोजून घ्याव्यात अशा दिसत होत्या. मग भट्टीवाला म्हणाला, "गोणी फाटली की रे. माल कुठं सांडलास?" आणि सगळं आवार हसलं.

मास्तर हसला नाही. तो कुबडी टेकत पुढं आला. शर्यतीच्या माणसाला शर्यतीपलीकडचं दिसत नाही, आणि जे त्याला दिसलं ते त्यानं बोलून दाखवलं. "किती डोकं लावलंय बघा. उपास काढून अंग हलकं केलं, म्हणजे गाडी सुसाट. आणि शिसं घालून जागा पहिल्या रांगेतली. वजन झालं की शिसं कुठंतरी काढून ठेवायचं. म्हणजे दोन्हीकडून मलई. माझा पाय त्यापायी गेला."

सगळ्यांच्या डोक्यात एकदम प्रकाश पडला. हां, असं आहे होय. कुणी थुंकलं. कुणी म्हणालं, एवढा उपास तर साधूही करत नाही. गोणीकडं बघण्याच्या नजरेत रागाबरोबर थोडं कौतुकही मिसळलं, आणि ते कौतुक रागाहून वाईट होतं.

"शिसं त्यांनी कधी काढलं नाही," शिंपीण बोलून गेली. "अंगावर घेऊनच पळायचे. मी स्वतः उसवायची, घरी आल्यावर."

"शिवलं तुम्हीच, साक्षही तुमचीच," मास्तर म्हणाला. पुन्हा हशा.

गोणीनं तिच्याकडं बघितलं. तेवढ्या नजरेत शपथ होती. मग तो उघड्या अंगानं फळीवर उभा राहूनच म्हणाला, "मास्तर बरोबर बोलतायत. पुढची जागा पाहिजे होती. मुद्दाम केलं." आणि हसला. भरल्या अंगावर शोभायचं ते हसू आता नुसत्या दातांचं झालं होतं.

ताईनं निकाल दिला. नाव कायमचं कमी, या आवारात पुन्हा पाय नाही, आणि मास्तरचे पाय धरून माफी मागायची, आत्ता, सगळ्यांसमोर. गोणी खाली उतरला. वाकला. मास्तरनं प्लास्टरचा पाय पुढं केला, आणि गोणीनं त्याला हात लावला.

तिथं थांबता आलं असतं. पण ताईचा आवाज पहिल्यांदाच थोडा चिरकला. "दर रविवारी तुझा आकडा वाचायचे आणि घरी जाऊन सुखानं झोपायचे. म्हणायचे, मी काढलं तरी भाऊ खातोपितो, अंगानं आहे तसा आहे. आणि तू माझ्याच काट्याला फसवत होतास. शर्यतीसाठी उपास. पोटाला मारतोस, तेही खेळासाठी." तिनं पायानं जॅकेट बाजूला सारलं. "ज्यांच्या घरी दोन्ही वेळा चूल पेटते ना, त्यांनाच सुचतात ही थेरं."

गोणी अजून वाकलेलाच होता. त्यानं मान वळवून बायकोकडं बघितलं आणि अगदी बारीक हलवली, नाही म्हणून.

शिंपिणीनं हेल्मेट फरशीवर ठेवलं. तिला ठाऊक होतं, आता आपण बोललो तर हा माणूस घरी येणार नाही.

"वन्सं," ती म्हणाली, "घरात चूल एक वेळच पेटते. तुम्ही काढल्यापासून ह्यांना कुठं काम नाही. ताटातलं पोरांना घालतात आणि भूक नाही म्हणतात. तुम्हाला कळू नये, म्हणून मी शिसं शिवत होते."