उजव्या पट्टीवरची काजं

शिंप्याच्या खिशात उसवायची छोटी कात्री गेले सहा महिने मुक्कामाला होती. रोज सकाळी, लेक दुकानात यायच्या आत, तो तिने आदल्या दिवशी केलेली काजं उसवायचा आणि स्वतः पुन्हा करायचा. वाकडी काजं गिऱ्हाइकापुढे ठेवायची कशी?

लेकीचा हात गोवराने नेला होता. लहानपणीची लस कामाच्या गडबडीत राहून गेली ती गेलीच, आणि विसाव्या वर्षी गोवर आला. "चार दिवसांचं पुरळ," शिंपी म्हणाला होता. सहाव्या दिवशी तिला झटके आले. मेंदूला सूज होती. "हजारात एखाद्यालाच होतं असं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि शिंप्याच्या पाचावर धारण बसली. बाराव्या दिवशी पोरीने डोळे उघडले. पुढे बोलली, चालली. उजवा हात मात्र ऐकेना. मग ती डाव्या हाताने सुई धरायला शिकली.

काल तिने बजावलं, "मास्तरांच्या शर्टाची काजं माझी. उसवलीत, तर पुन्हा दुकानाची पायरी चढणार नाही." पोर बापावर गेलेली, बोलली की करणारच. आज सकाळी शिंप्याने शर्टाला हात लावला नाही.

दुपारी मास्तर आले. शर्ट अंगात घालून बटणांशी झटू लागले.

"अहो, हा माझा की आमच्या मंडळींचा?"

काजं उजव्या पट्टीवर होती, बायकांच्या कपड्यासारखी.

"तरी मी म्हणत होतो..." शिंपी बोलून गेला. मग त्याने पट्टी उजेडात धरली. सातही काजं सरळ, घट्ट, एकसारखी.

"खडूच्या खुणा कुणाच्या, बाबा?" लेकीने विचारलं.

त्याच्याच होत्या. काल त्याचं सगळं लक्ष तिच्या बोटांकडे होतं.

"अगं, मग सांगायचं नाही का?"

"तुम्ही चुकाल असं मनातसुद्धा आलं नाही. स्वतःचं ठेवायचं झाकून, दुसऱ्याचं बघायचं वाकून!"

मास्तर शर्ट उतरवून देऊन हसत हसत बाकावर बसले. "उद्या नेतो," ते म्हणाले.

लेकीने डावा हात पुढे केला. "खिशातली कात्री द्या."

शिंप्याने ती तिच्या तळहातावर ठेवली. ती भराभर पट्टी उसवू लागली. चाळीस वर्षांत त्याचं काम कुणी उसवलं नव्हतं, आणि आज ते बघताना त्याला इतकं बरं वाटत होतं की डोळे भरून आले.

"बघत काय बसलात?" ती म्हणाली. "नव्या पट्ट्या कापा. आणि खुणा मी करीन."